कामगारमंत्री साहेब, हे १४४ तास कुणाच्या वहीत लिहायचे?

प्रति,
मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

मोशी, १५ सप्टेंबर २०२५

साहेब, नमस्कार.

३ सप्टेंबरला बातमी कळली तेव्हा मी नळावर पातेली घासत होते. आदल्या दिवशी आमच्या महालक्ष्म्या उठल्या होत्या. (इकडे त्यांना गौरी म्हणतात.) पुरणाचं पातेलं, आंबिलीचं भगोणं, सोळा भाज्यांची लहानमोठी भांडी अशी चळत तशीच पडली होती. पहिली पाळी करून आले आणि पदर खोचून बसले. शेजारणीने मोबाइल पुढे धरला. कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली होती. ती म्हणाली, "आता भांडी रात्रीच घासायची म्हणायची." मी म्हटलं, "आत्ता कुठं दुपारी घासतोय?" दोघी हसलो. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर मात्र हसू आलं नाही.

मी चाकणच्या एका कारखान्यात अकरा वर्षं काम करते. गाडीच्या आत वायरींचा जो जुडगा असतो, हार्नेस म्हणतात त्याला, तो आमच्या लाइनवर तयार होतो. लाइनवर बहुतेक बायकाच. बायकांची बोटं चपळ असतात म्हणून, असं भरतीच्या वेळी सांगतात. बायका कमी पगारावर येतात हे बोटांपेक्षा जास्त खरं असावं, असं आमचं मत. माझं नाव लिहीत नाही, कंपनीचंही लिहीत नाही. मला कंपनीशी भांडण काढायचं नाही आणि पगार चालू राहायला हवा. पत्र उघड लिहितेय, कारण ही गोष्ट एकटीची नाही.

माझी आई ऊसतोडीला जायची. आम्ही बीडकडची माणसं. तिकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्याची, हिशोब कोयत्याचा, मुकादमाच्या वहीत नाव बापाचं. आई पहाटे तीनला उठून भाकरी थापायची. फडात दोघं बरोबरीनं राबायची, मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत आईच न्यायची. अंधार पडल्यावर कोपीवर, म्हणजे झोपडीवर, आलं की दादा (आमचे वडील) अंग टाकायचे आणि आई चूल पेटवायची. त्या चुलीपुढचे तास कुठल्याच वहीत आले नाहीत. मी बारावी झाले, चाकणला आले, पंचिंग कार्डावर माझं स्वतःचं नाव आलं, तेव्हा वाटलं, आपण सुटलो. बारा तासांची बातमी वाचली आणि इतक्या वर्षांनी मला मुकादमाची वही आठवली.

आपला निर्णय मी नीट वाचला आहे. रोजची मर्यादा ९ वरून १२ तास. विश्रांती ५ तासांऐवजी ६ तासांनंतर. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची कमाल मर्यादा ११५ वरून १४४ तास. २० किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांत आणि आस्थापनांत ९ चे १० तास. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, त्यावरच्या कामाला दुप्पट दर मिळेल, ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती लागेल, असंही त्यात आहे. गुंतवणूक येईल, रोजगार वाढेल, असं कारण दिलंय. येऊ देत. आमच्याही पोरांना नोकऱ्या लागणारच आहेत.

पण हा सगळा हिशोब गेटपासून गेटपर्यंतचा आहे. तो करताना जो कामगार डोळ्यांपुढे होता, तो घरी गेल्यावर त्याला ताट वाढलेलं मिळतं. त्याचा युनिफॉर्म दुसरं कुणीतरी धुतं, त्याच्या पोराचा ताप दुसरं कुणीतरी बघतं. साहेब, त्या कामगाराला बायको आहे. मला नाही. मी स्वतःच कुणाची तरी बायको आहे.

आता १४४ या आकड्याकडे या. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये देशभर वेळ वापर पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. तेही जे पुरुष घरकाम करतात त्यांची. असा पुरुष चारांत साधारण एकच निघतो. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची १० मिनिटं वाचली म्हणून खूश व्हावं, तर पुरुषानेही ९ मिनिटं काढून घेतलेली. २८९ ला ३० ने गुणा. महिन्याला साडेचव्वेचाळीस आणि शंभर, म्हणजे १४४ तास ३० मिनिटं. तीन महिन्यांत याच्या वर ओव्हरटाइम नको, माणूस थकतो, म्हणून आपण जी कमाल मर्यादा ठरवली, तेवढं काम बाई दर महिन्याला घरात उरकते. दुप्पट दर सोडा, एकेरीही नाही. संमतीचा कागदही कुणी पुढे करत नाही.

कुणी म्हणेल, यात नोकरी न करणाऱ्या बायकाही आल्या. बरोबर आहे. म्हणून मी गेल्या आठवड्यात स्वतःचे तास मोजले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलने, रोजच्या रोज. सोमवार ते शनिवार मिळून २४ तास २० मिनिटं. रविवारी ७ तास ५० मिनिटं. बेरीज ३२ तास १० मिनिटं, म्हणजे रोज साधारण २७५ मिनिटं. हे ४८ तासांच्या ड्युटीवरचं. वर बसचे ९ तास धरा, तेही वाटेतल्या आंबेठाण चौकातल्या गर्दीने कृपा केली तर. आठवड्याला ८९ तास झाले. नवऱ्याचेही लिहिले: ६ तास ५ मिनिटं. त्यातली निम्मी वेळ मोटारसायकल पुसण्यात गेली. ती मी धरत नव्हते, त्याने धरायला लावली.

माझा नवरा वाईट माणूस नाही, हे इथेच सांगते. पोराला आंघोळ घालतो, दळण आणतो, कधी कुकरही लावतो. पण कुकर लावायच्या आधी डाळ कुठल्या डब्यात आहे, किती शिट्ट्या, मीठ आत्ता की नंतर, असे तीन फोन करतो. हे तीन फोन लाइनवर उभं राहून घ्यायचे, तर मोबाइल लॉकरमध्ये असतो. मग त्या दिवशी डाळ होत नाही.

आमच्याकडे काही जण म्हणतात, बारा तासांत वाईट काय? चार दिवस राबा, तीन दिवस घरी बसा. असं म्हणणाऱ्याने घर कधी चालवलेलं नसतं. कारखान्यातला माल आगाऊ करून गोदामात ठेवता येतो, घरातलं काम तसं ठेवता येत नाही. गुरुवारचा डबा रविवारी भरून ठेवता येत नाही. पोराचं दप्तर, सासूबाईंची बीपीची गोळी, शाळेच्या ग्रुपवर रात्री नऊला येणारं "उद्या हिरवा कागद आणणे" यातलं काहीही साठवता येत नाही. आमच्या शहरात २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येतं. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी घरात माणूस लागतं. नळाला सांगून चालत नाही की मी सोमवार ते गुरुवार बारा तास ड्युटीवर आहे, तू शुक्रवारनंतर ये.

बारा तासांच्या दिवसाचा हिशोब मांडून बघा. सकाळी सातची ड्युटी, तर सव्वासहाला बस. संध्याकाळी सातला सुटी, पावणेआठला घर. ड्युटी आणि बस मिळून साडेतेरा तास गेले, उरले साडेदहा. त्यातले रोजचे चार तास घरकामाचे. उरल्या साडेसहात झोप, आंघोळ, जेवण आणि पोराचा अभ्यास. झोप किती होईल ते आपणच काढा. आणि दुसऱ्या दिवशी याच डोळ्यांनी मला अर्ध्या मिलिमीटरची पिन बरोबर बसली का हे तपासायचं आहे. ती चुकली तर गाडी रस्त्यात बंद पडते.

लेखी संमतीबद्दल. निर्णयातला हा सगळ्यात गोड शब्द. आमच्याकडे ती अशी घेतली जाते: पाळी संपायला वीस मिनिटं असताना सुपरवायझर पॅडला लावलेला कागद घेऊन लाइनवरून फिरतो. एकाखाली एक बावीस नावं, प्रत्येकीपुढे सहीचा रकाना. पहिली सही पडली की बाकीच्या आपोआप पडतात. "नाही" लिहायला रकानाच नाही. नाही म्हणायचं तर सगळ्यांसमोर तोंडाने म्हणायचं आणि "यांना घरची फार काळजी" हे ऐकून घ्यायचं. २०२२ मध्ये सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा दीड महिना मी ओव्हरटाइमला नाही म्हणत राहिले. त्याच वर्षी लाइन लीडरची जागा निघाली. ती माझ्यानंतर तीन वर्षांनी लागलेल्या मुलाला मिळाली. मीच त्याला हार्नेसचा बोर्ड शिकवला होता. मुलगा चांगला आहे, त्याच्यावर माझा राग नाही. तो कधीच ओव्हरटाइमला नाही म्हणत नाही. त्याचा डबा त्याची आई करते.

बारा तास आले की हेच मोठ्या प्रमाणावर होईल. कायम नोकरीला, बढतीला, चांगल्या मशिनला असा माणूस लागेल जो बारा तास थांबू शकतो. कायद्यात कुठेही लिहिलेलं नसेल की बायका नकोत. लिहायची गरजच पडणार नाही.

पाळणाघराचं सांगते. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं असंही ठरलं. आमच्याकडे ते आहे. कॅन्टीनच्या मागे एका खोलीवर 'पाळणाघर' अशी पाटी आहे. आत टेपच्या रोलची खोकी आहेत. तपासणी असली की आदल्या दिवशी खोकी निघतात, एक पाळणा येतो, भिंतीला दोन फुगे लागतात. माझा मुलगा लहान असताना मी गावाकडून आईला आणून ठेवलं होतं. म्हणजे उभा जन्म ऊस तोडलेल्या बाईने म्हातारपणी माझं पोर सांभाळलं, तेव्हा मी गाड्यांच्या वायरी बांधू शकले. ज्यांच्याकडे आई नाही, त्यांची मोठी मुलगी शाळेतून घरी बसते. बारा तासांची ड्युटी झाली तर तीन तास कुठून तरी येणारच, ते अशा कुणाच्या तरी वाटचे असतील.

आणि एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. हा निर्णय फक्त कारखान्यातल्या बायकांना लागू नाही. नवऱ्याची ड्युटी बारा तासांची झाली की त्याची ती ८८ मिनिटंही गेली. आंघोळ, दळण, कुकर सगळं परत बाईकडे, ती नोकरी करत असो वा नसो. मग पाच वर्षांनी पाहणी येईल आणि पेपरात छापून येईल की भारतीय पुरुष घरकामात हात लावत नाहीत. कधी लावायचा?

आमच्या लाइनवरच्या एका पोराला गेल्या वर्षी मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी तो बर्फीचा पुडा घेऊन रात्रपाळीला हजर. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, याच्यासाठी कायद्यात एक दिवस नाही. पुडा फिरवून तो बोर्डापुढे उभा राहिला आणि पहाटेपर्यंत जांभया देत पिना बसवत होता. बाप झालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी आपण शिकवतो की तुझं काम गेटच्या आत आहे.

जुनं थोडं काढते, कारण हे तास कुणी खिरापतीसारखे वाटलेले नाहीत. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने बाईच्या दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली होती, इंग्रजांच्या राज्यात. आज आपण १२ म्हणता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. (तो रविवार बाईपर्यंत अजून पोचायचाय, माझे ७ तास ५० मिनिटं वर लिहिलेत.) बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बोलले आणि पुढच्या वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे होतं, त्याच सुमाराला आठवडा ४८ तासांवर आणण्याचा कायदा तयार होऊन १९४६ मध्ये आला. देशातलं पहिलं महिला धोरणही याच राज्याने १९९४ मध्ये आणलं. त्या राज्याच्या मंत्रिमंडळात हा विषय आला, तेव्हा बाईचा दिवस किती तासांचा असतो हे एकाने तरी विचारलं असेल का?

लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार खात्यावर येतात, मग अजून काय पाहिजे, असंही ऐकावं लागतं. मला ते मिळत नाहीत, माझ्या शेजारणीला मिळतात. ती पाच घरची धुणीभांडी करते आणि सहाव्या घरची, म्हणजे स्वतःच्या. तिला विचारलं, तर म्हणाली, पैसे नकोत असं कोण म्हणेल, पण सहाव्या घरी कधीतरी दुसऱ्याने घासावीत. सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ च्या निकालात घरकामाचं मोल धरायलाच हवं असं सांगितलं. ते प्रकरण अपघातात गेलेल्या गृहिणीच्या भरपाईचं होतं. बाई मेल्यावर हिशोब लागतो. माझं म्हणणं, जिवंतपणी लावा.

आमच्या मागण्या लिहिते. बसमध्ये सहाजणींनी बसून काढल्या आहेत.

रोजच्या मर्यादेत केलेली ९ वरून १२ ची वाढ मागे घ्या. ही मुख्य. खालच्या मागण्या त्याऐवजी नाहीत, त्याशिवाय आहेत.

ओव्हरटाइमची संमती यादीवर घेऊ नये. प्रत्येकीचा स्वतंत्र कागद, किमान एक दिवस आधी, आणि त्यावर "नाही" चा रकाना. नाही म्हटल्याची नोंद पगारवाढ, बढती किंवा ठेकेदाराच्या माणसाच्या कराराचं नूतनीकरण यात आली, तर तक्रार थेट कामगार खात्याकडे, नाव गुप्त ठेवून, घेतली जावी.

पाळणाघर पाळीइतका वेळ उघडं हवं; ओव्हरटाइम असेल तर ओव्हरटाइम संपेपर्यंत. कामगार मोजताना ठेकेदाराचे धरा. आणि तिथे बापांनाही पोर ठेवू द्या. तपासणीला न सांगता या. आलात तर कॅन्टीनच्या मागच्या बाजूने या.

कारखान्यातल्या बापाला १५ दिवसांची भरपगारी रजा. सुरुवात राज्याने करावी.

यापुढे कामाच्या तासांना हात लावण्याआधी लाइनवरच्या बायकांच्या दिवसाची मोजणी करा, ती मराठीत छापा आणि ती ज्या बैठकीत येईल तिथे लाइनवरच्या बायका बसवा. आमची नावं हवी असतील तर तेव्हा देऊ.

आपण बोलावलंत तर आम्ही सहाही जणी मंत्रालयात यायला तयार आहोत. माझ्या कॅलेंडरचं पान सोबत आणेन. फक्त चार दिवस आधी कळवा, सुटी मागावी लागते. आणि शक्यतो पाण्याचा दिवस नको.

आपली,
मोशी-चाकण बसमधली एक कामगार